बॉडी कंट्रोल आणि सहा लिंबं

गाडीत काय बिघडलंय हे कोंडिराम साळवेला सांगायला गेलात तर तो ऐकूनच घेत नाही. माझी स्कूटर पहिल्यांदा त्याच्याकडे नेली तेव्हा मी "हॉर्न वाजत नाही" एवढंच म्हटलं, तर हा माणूस मान वर करायला तयार नाही. दातांनी वायर सोलत म्हणाला, "ते बटन दाबलं की मलाबी कळंल. त्याच्या आधी काय झालतं ते सांगा." आधी काय होणार? आधी वाजत होता! मी तसं तिरसटपणे म्हटलंही. मग त्याने खोदून खोदून विचारलं आणि निघालं असं की आदल्या रविवारी मनोरमेने, म्हणजे माझ्या बायकोने, हँडलला भाजीच्या दोन जड पिशव्या अडकवून मला बाजारातून घरापर्यंत स्कूटर चालवायला लावली होती. त्या ओझ्याने वायर तुटली होती. काम पाच मिनिटांचं. पण घरी जाऊन "चूक तुझी होती" असं बायकोला पुराव्यासकट सांगायची जी संधी त्याने मला दिली, ती एकतीस वर्षांच्या संसारात पहिलीच. तेव्हापासून मी त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागलो.

मी हरिश्चंद्र प्रधान. फोर्टातल्या एका विमा कचेरीत जन्मभर दाव्यांच्या फायली तपासल्या, निवृत्त झालो आणि गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला फ्लॅटमध्ये आलो. दिवसभर मी घरात बसलेला मनोरमेला खपत नाही. कोंडिरामला चालतो, कारण त्याच्या दुकानात एक मोडका स्टूल रिकामाच असतो आणि मी चहा सांगतो.

दुकान पेणकरपाड्याला, हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. चार पत्रे, वर बोर्ड: 'पंचशीला ऑटो इलेक्ट्रिक'. पंचशीला ही त्याची बायको, बालवाडीत शिकवते. हा जिंतूर तालुक्यातला, सातवी पास. इंग्रजी येत नाही म्हणतो आणि इंग्रजी अक्षरांनी भरलेला वायरिंगचा नकाशा मी पंचांग वाचावं तसा वाचतो. जोडलेल्या वायरीवर आधी कापडी टेप, त्यावर मेणाचा दोरा आणि शेवटी एक तिरकी गाठ मारतो. ही गाठ त्याची आई गोधडीला मारायची. त्याचे धंद्यातले सोबती या गाठीवरून त्याची टर उडवतात, पण त्याचं काम उसवून परत आलेलं मी तरी पाहिलेलं नव्हतं.

त्याचा आणखी एक नियम आहे, आणि त्यापायी त्याची निम्मी गिऱ्हाइकं पळून जातात. "मेलेल्याची चौकशी झाल्याबिगर नवा पार्ट बसवायचा नाही." आता माणूस घाईत असतो, त्याला गाडी चालू हवी असते, आणि हा तिथे पंचनामा मांडून बसतो! मला मात्र हे फार आवडायचं. दाव्याच्या फायलीत आम्हीही तेच करायचो, फक्त खुर्चीत बसून.

दोन हजार नऊच्या मार्चमधली गोष्ट. गुरुवारी सकाळी टेम्पोला दोर बांधून एक निळी पिकअप ओढत आणली. जुनी, दोन बाकांची, परदेशी बनावटीची, कंपनीने काही वर्षांतच बंद केलेली. सोबत मुर्धा गावचे महिपत पाटील. वाडीतली भाजी भाईंदर पश्चिमेच्या बाजारात नेण्यासाठी गेल्या दसऱ्याला त्यांनी ती दुसऱ्या हाताची घेतली होती. महिपतराव आगरी. त्यांच्या बोलीत ड चा र होतो, त्यामुळे गाडी ती गारी आणि वेडी ती येरी.

"गारी येरी झालीय," ते म्हणाले. "चावी फिरवली की वायपर नाचतान, हारन बोंबलतो, दरवाजे आपले आपन लॉक होतान. बॅटरी नवी टाकली, तरी त्याच रगारा."

"आधी काय झालतं?" कोंडिरामने विचारलं.

महिपतरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या बायकोनी ठेरिंगला हात लावला. त्याच दिवशी सुरू झाला."

मग सगळी कहाणी बाहेर आली. साखरेच्या आजाराने महिपतरावांची नजर अधू झाली होती. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. मुलगा नाही, मुलगी लग्न होऊन पनवेलला. ठेवलेला ड्रायव्हर महिन्यात पळाला. तेव्हा त्यांची बायको मंदा म्हणाली, मी शिकते. शिकाऊ लायसन काढलं, आतेभावाला शेजारी बसवून घरामागच्या मैदानात चाकाला हात लावला आणि पहिल्याच दिवशी गाडी बोंबलली. पुढे दर रविवारी हेच. मधल्या दिवसांत मात्र गाडी निमूट उभी असायची, आतेभावाने चालवली तर चालायचीही. चार महिने झाले. आता तर ती कुणाचंच ऐकेना. महिपतरावांच्या आईने निकाल देऊन टाकला होता की बाईचा हात गाडीला मानवला नाही, आणि येत्या रविवारी दुपारी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं. गाडी दुरुस्त झाली तरी विकायचीच, हे म्हातारीने पक्कं केलं होतं. मंदाने पुन्हा चाकाला हात लावायचा नाही हेही.

कोंडिरामने बोनेट उघडलं, बंद केलं, मग ड्रायव्हरच्या पायाशी आडवा झाला आणि तिथूनच म्हणाला, "बॉडी कंट्रोल गेलंय."

महिपतराव चमकून मागच्या बाजूला गेले. "बॉडीला काय झाला? बॉडी तर ठनठनीत हाय. मी सोताच रंग दिला, पयली पांढरी होती."

"ती बॉडी नाही, भाऊ." कोंडिराम उठून बसला. "पूर्वी हॉर्नची वायर हॉर्नला, दिव्याची दिव्याला. ज्याचं त्याचं काम. असल्या गाड्यांत मधी एक मुकादम बसवलाय. तुम्ही बटन दाबलं की आधी मुकादमाला कळतं, मग तो हुकूम सोडतो, वायपर चालू, दिवा बंद. तो एक डबा असतो, त्याला बॉडी कंट्रोल म्हणत्यात. मुकादमच बहकला तर मजूर काय करतील?"

मग तो म्हणाला, "उद्या ताईंना घेऊन या."

"ती कशाला? मी सांगतो ना सगला."

"गाडीत त्या होत्या. तुम्ही घरात होता. तुम्ही काय सांगणार?"

कोंडिरामला एखाद्या गिऱ्हाइकाशी असं बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. महिपतरावांनाही ते झोंबलं असावं, पण दुसऱ्या दिवशी ते मंदाताईंना घेऊन आले. पंचेचाळिशीची, अंगापिंडाने मजबूत बाई. गाडीपासून चार हात लांब उभी राहिली, जवळ जाईना. चार महिने जिला तिच्याच घरात पांढऱ्या पायाची म्हटलं गेलं होतं, ती आणखी काय करणार!

कोंडिरामने तिला स्टूल दिला. माझा स्टूल. "ताई, पहिल्या दिवशीचं सांगा. चावी फिरवायच्या आधीचं."

"आधी? आधी काय न्हाय."

"सकाळी उठल्यापासून सांगा."

"उठून गारी धुतली. पाइप लावून, चांगली, काचेवरून, टपावरून. शिकाचा म्हंजे चाक हातात घेताव, तर अशी धुलीची गारी कशी घेनार? मंग पूजा केली, नारल फोरला. मंग चावी फिरवली."

"आन पुढच्या रविवारी?"

"तवा पन धुतली. दर आयतवारी धुतली."

"मधल्या दिवशी?"

"मंधी कोन धुतो?" ती म्हणाली आणि एकदम थांबली. कोंडिरामही थांबला. दोघं एकमेकांकडे बघत होती आणि मी दोघांकडे. मला काहीएक कळलं नव्हतं, आणि न कळल्याचा मला भयंकर राग येत होता.

कोंडिराम पुन्हा गाडीत शिरला. ड्रायव्हरच्या उजव्या पायाशी प्लास्टिकचं झाकण होतं ते त्याने ओढून काढलं, आणि आतून बदाबदा लिंबं पडली. सहा. कापून कुंकू भरलेली. दोन वाळून खडखडीत, बाकीची काळी, चिकट. त्यांच्यामागे तो डबा. त्याच्या पिना हिरव्यागार झालेल्या, कळकलेल्या पितळेसारख्या.

"आईचा काम," महिपतराव पुटपुटले. "भगतानी सांगला व्हता, कोनाची नजर पडनार न्हाय अशा जागी टाका. दर आमुशाला एक. दोन वरती टाकली असतील."

मला तर आनंदाचं भरतंच आलं. मी स्टूल नसल्यामुळे उभाच होतो, तेव्हा उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. लिंबाचा रस म्हणजे आम्ल, आम्लाने धातू खाल्ला जातो, आपला समाज अजून कोणत्या शतकात आहे, वगैरे. दहा मिनिटं तरी बोललो असेन. महिपतराव मान खाली घालून ऐकत होते. मंदाताईंचा चेहरा उजळला होता.

"म्हंजे लिंबवांनी झाला? माझ्या हातानी न्हाय?"

"लिंबांनीच!" मी म्हणालो. "केस बंद."

"नाही," कोंडिराम म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"काका, पहिलं लिंबू कवा टाकलं? गाडी येडी झाल्यावर. मग पहिल्यांदा येडी कशानं झाली?"

इतकी साधी गोष्ट! दाव्याच्या फायलीत तारखांचा क्रम लावून लोकांचे दावे फेटाळणारा मी, आणि सहा लिंबं दिसताच अक्कल गहाण ठेवून मोकळा झालो होतो. मंदाताईंचा चेहरा पुन्हा उतरला. त्या क्षणी मला कोंडिरामचा संताप आला. बाईला सुटकेचा रस्ता मिळाला होता, ह्याला तो बुजवायची काय गरज होती?

त्याच संध्याकाळी तो कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तसल्याच गाडीचा डबा घेऊन आला. पण बसवला नाही. फळीवर ठेवला. शनिवारी सकाळी मी पोचलो तेव्हा पाइप लावून तो पिकअपच्या काचेवर पाणी सोडत होता, हळूहळू, मंदाताई सोडायच्या तसं, वरून खाली. मला म्हणाला, "काका, बॅटरीचा झोत पाडून आत बघा. पाणी कुठून यायलंय ते सांगा."

मी पासष्टाव्या वर्षी त्या गाडीच्या पायाशी उताणा झोपलो. कंबर ओरडत होती आणि मी लहान मुलासारखा उत्सुक होतो. दोन मिनिटं काही नाही. मग एक थेंब दिसला. तो पत्र्यावरून येत नव्हता, एका वायरीवरून येत होता. इंजिनाच्या बाजूने एक जाड वायर पत्र्यातून आत आली होती, आणि तिच्यावरून थेंब घरंगळत येऊन नेमका त्या डब्यावर पडत होता. वर्षानुवर्षांचा रस्ता असावा तसा.

"सापडलं!" मी ओरडलो. "वायरीच्या भोकातून येतंय. कुणा गाढवाने पत्र्याला भोक पाडलंय आणि रबरी बूच बसवलेलं नाही!"

कोंडिराम माझ्या शेजारी येऊन झोपला. बॅटरीचा झोत त्याने वायरीवरून पुढे नेला. कापडी टेप होती. टेपवर मेणाचा दोरा होता. दोऱ्याच्या टोकाला तिरकी गाठ होती.

पाइप चालूच होता, बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"पांढरी होती तवा," शेवटी तो म्हणाला. "मांडववाल्याची. समोर दोन जादा दिवे लावून दिलते मी. तीन वर्षं झाली असतील. बूच नव्हतं त्या दिवशी दुकानात. नंतर बसवू म्हणलो. तो परत आलाच नाही." मग म्हणाला, "पावसाळ्यात त्यालाबी तरास झाला असंल. म्हणून तर विकली."

चहा आला तो त्याने घेतला नाही. मग मी जे केलं ते मला आज सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी आजूबाजूला बघून हळूच म्हणालो, "अरे, कुणाला कळणार आहे? बूच बसव, डबा बदल, आणि लिंबांवर ढकल. अर्धं खरंच आहे ते. मुर्ध्यापासून राई गावापर्यंत सगळ्या गाड्या तुझ्याकडे येतात. कोंडिराम भोकं पाडतो म्हणून गावभर झालं तर?"

"लिंबू बाईनं हात लावल्यावर पडलं, काका," तो म्हणाला. "लिंबावर ढकललं तरी आधी बाईचा हातच राहतो. म्हातारी तेच म्हणणार."

तरी हे तो गिऱ्हाइकापुढे बोलेलच असं मला वाटलं नाही. दुकानाचं नाव बायकोच्या नावाने आहे, हे तो दोनदा बोलून गेला.

चौकशी झाली होती, तेव्हा आता नवा डबा बसवायला हरकत नव्हती. पण तिथेही एक गंमत होती, आणि ती मला त्याने नया नगरकडे जाताना रिक्षात सांगितली. ह्या गाडीची चावी फक्त ह्याच डब्याला ओळखीची. कुर्ल्याच्या डब्याला कुर्ल्याची चावी ठाऊक, महिपतरावांची चावी त्याला परकी, गाडी चालूच होणार नाही. जुन्या डब्याची ओळख त्याच्या पोटातल्या एका तुकड्यात असते. तो काढून नव्याच्या पोटात बसवायचा. नया नगरात रोशन म्हणून मोबाइल दुरुस्त करणारा पोरगेला माणूस आहे, त्याने दोन्ही डबे उघडून माझ्यासमोर ठेवले. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा काळा ठिपका, त्याला आठ पाय. गरम हवेने त्याने तो अलगद सोडवला आणि मला म्हणाला, "अंकल, साँस रोको, उड़ जाएगा." मी खरंच श्वास रोखला. एवढ्याशा ठिपक्यात गाडीची सगळी ओळखपाळख! मला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं, शेवटी रोशनने मला भिंग दिलं.

रविवारी सकाळी गाडी तयार होती. भोकाला बूच, बुचाभोवती सील. पाइप लावून दोनदा भिजवून झाली, वायपर शहाण्यासारखे पडून होते. महिपतराव आणि मंदाताई आले. महिपतरावांनी चावी फिरवली, दिवे लावले, हॉर्न दिला, आणि त्यांना हसू आवरेना.

"लिंबवांचाच गुना व्हता ना?" ते म्हणाले. "आईला सांगतो. पन इकाची तर हायेच. दुपारी गिऱ्हाईक येतंय. हिचा हात..."

"भाऊ," कोंडिराम म्हणाला. हात पुसायच्या फडक्याला तो उगाच पीळ घालत होता. "भोक माझं आहे."

"कंचा भोक?"

मग त्याने सांगितलं. मांडववाला, पांढरा रंग, जादा दिवे, नसलेलं बूच, सगळं. ताईंनी गाडी धुतली की पाणी त्या भोकातून डब्यावर पडायचं. त्यांनी शिकायच्या दिवशीच धुतली, म्हणून त्या दिवशीच गाडी बोंबलायची. लिंबांनी नंतर भर घातली. "ताईंच्या हातात काही नव्हतं. माझ्या हातात होतं."

मंदाताई पुढे आल्या. मला वाटलं, आभार मानतील. माझं मनुष्यस्वभावाचं ज्ञान हे असं!

"चार म्हयने!" त्या कडाडल्या. "चार म्हयने मी आयकला. माझ्या हाताचा खाना नको म्हनाय लागली सासू. नि भोक तुमचा?"

"हो, ताई."

"मंग हिथं काय सांगताव? तिथं चला. माझ्या सासूच्या म्होरं उभं रावा नि असाच बोला."

कोंडिरामने दुकानाला कुलूप लावलं. मंदाताईंनी नवऱ्यापुढे हात धरला, महिपतरावांनी क्षणभर विचार केला आणि चावी दिली. त्या चाकामागे बसल्या, शेजारी महिपतराव, मागच्या बाकावर मी आणि कोंडिराम. माझी तिथे काडीची गरज नव्हती, पण मला कुणी उतर म्हटलं नाही आणि मी उतरलो नाही. मुर्ध्यापर्यंत त्यांनी गाडी दुसऱ्या गियरच्या पुढे नेली नाही. मागून लोक हॉर्न मारत होते. कोंडिराम सगळा वेळ ओठ हलवत होता, बोलायची उजळणी करत असावा.

म्हातारी ओटीवर वाल सोलत बसली होती. सुनेला चाकामागून उतरताना बघून तिचे हात थांबले. कोंडिरामने पायरीशी उभं राहून सांगितलं. दुकानात सांगितलं त्याहून सरळ, काही न गाळता. मध्ये एकदा तो अडखळला आणि तेच वाक्य त्याने पुन्हा म्हटलं. शेजारच्या दोन बायाही येऊन ऐकत उभ्या राहिल्या.

म्हातारीने मांडीवरच्या वालाच्या शेंगा खाली ठेवल्या. मग कोंडिरामला नाही, मुलाला नाही, थेट सुनेला म्हणाली, "चार म्हयने तुला बोल लावला. आता तो बोल मी ठेवू कुठं?"

मंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्यांनी पदराने पुसून टाकलं.

"मागं हौद्यात टाका, आई," त्या म्हणाल्या. "सकाली भाजीबरोबर मार्केटात नेते. कोन घेतो का बगू."

शेजारच्या बाया फसकन हसल्या. म्हातारीही हसली, तोंड फिरवून. मग तिने महिपतरावांना सांगितलं की गिऱ्हाइकाला फोन कर, येऊ नको म्हन.